जोराचा वारा, दुबळ्या पवनचक्क्या

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी किंवा पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावर गेलेल्यांना पवनचक्क्यांच्या रांगा परिचित आहेत. हजार मीटरहून अधिक उंचीच्या या सड्यांवर पावसाळ्यात नैर्ऋत्य वारे थेट आदळतात. ढगांमुळे सौरऊर्जा मंदावते, नेमक्या त्याच महिन्यांत इथली पाती जोरात फिरतात. मात्र राज्यातील उत्तम वाऱ्याच्या या जागा दोन-अडीच दशकांपूर्वीच्या लहान यंत्रांनी अडवल्या आहेत.

त्यांतील अनेक यंत्रे जेमतेम ३५० किलोवॉट क्षमतेची आहेत. आज जमिनीवर ३ मेगावॉटची, म्हणजे आठपटीहून मोठी यंत्रे सर्रास उभारली जातात. यामागचे गणित सोपे आहे. पात्यांची लांबी दुप्पट केली की ती व्यापत असलेले क्षेत्र चौपट होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातून मिळू शकणारी वीज आठपट होते. उंच मनोऱ्यावर वारा साधारणपणे अधिक वेगवान आणि स्थिर असतो. मोठ्या यंत्रांमध्ये अंतर जास्त ठेवावे लागते हे खरे. पण कमी यंत्रांतून जास्त वीज मिळते.

देशाची पवनऊर्जा क्षमता २०२५मध्ये ५० गिगावॉटच्या पुढे गेली. दोन मेगावॉटहून लहान यंत्रे बदलण्यास सुमारे २५ गिगावॉटचा वाव असल्याचा राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. केंद्राने यासाठी २०१६मध्ये धोरण आणले, २०२३मध्ये ते सुधारले. तरीही काम रेंगाळले आहे.

अडचण तंत्रज्ञानाची कमी आणि मालकीची जास्त आहे. घसाऱ्यावरील करसवलतीमुळे त्या काळी अनेक उद्योग-व्यावसायिकांनी एक-दोन पवनचक्क्या घेतल्या. त्यामुळे शेजारशेजारच्या यंत्रांचे मालक वेगळे आणि वीजखरेदी करारही वेगळे. पाच-सहा जुन्या यंत्रांच्या जागी एक नवे आले, तर कोणाचा वाटा किती? शिवाय साठ-सत्तर मीटर लांबीचे पाते घाटाच्या वळणांवरून वर न्यायचे, तर रस्ता रुंद करावा लागतो. त्याचा भार डोंगरावर आणि गावांच्या जमिनीवर पडतो.

म्हणून सरकारने मालकांना एकत्र आणून वाटणीचे स्पष्ट सूत्र ठरवावे आणि गावकऱ्यांच्या जमिनीचा मोबदला आधीच निश्चित करावा. हे टाळले, तर वाढत्या मागणीसाठी नवे सडे शोधले जातील. सह्याद्रीचे सडे दुर्मीळ वनस्पतींचे घर आहेत. कास पठार २०१२पासून जागतिक वारसास्थळांत आहे ते त्यामुळेच. रस्ते आणि वाहिन्या जिथे आधीच पोहोचल्या आहेत, तिथली जुनी यंत्रे बदलणे हाच कमी नुकसानीचा मार्ग आहे.