स्वस्त तास, महाग परवाना

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील कामगार, पालक आणि उद्योजक यांच्यासाठी पत्रक

कोल्हापूरच्या ओतकामाचा धंदा इतकी वर्षे टिकून आहे, त्यामागे एक साधा हिशेब आहे: कास्टिंगचा किलोमागचा दर ही त्याची खरी किंमत नसते. मशिनिंग करताना उघडे पडणारे ब्लो होल, परत आलेला माल, त्यापायी थांबलेली लाइन आणि हुकलेली तारीख हे सगळे धरून जो आकडा येतो, तोच खरा भाव, हे कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतील पर्चेस विभागाच्या नवख्या माणसालाही ठाऊक असते. मात्र त्याच वसाहतीत दिवसपाळी करणाऱ्या सुपरवायझरच्या घरी बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी वैमानिक व्हायचे म्हणते, तेव्हा उड्डाणशाळेची निवड ‘तासाचा दर’ आणि ‘पॅकेज’ या दोन शब्दांवर उरकली जाते. आणि ज्या माणसाने दोन रुपयांच्या बुशिंगसाठी तीन कोटेशन मागवलेली असतात, तोच माणूस चाळीस लाखांचा व्यवहार एका रंगीत माहितीपत्रकावर पक्का करतो. या पत्रकाचे म्हणणे असे की, जी शाळा मुदतीत तास पुरे करते आणि झालेल्या उड्डाणाचेच पैसे घेते तीच परवडणारी. सगळी रक्कम आगाऊ मागणारी शाळा दराने कितीही उतरली तरी ती महागच पडते.

विमान कंपनीत नोकरी मिळण्यासाठी लागणारा पहिला कागद म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवाना, ज्याला या क्षेत्रात सगळे ‘सीपीएल’ म्हणतात. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे ‘डीजीसीए’, देते. त्यासाठी वयाची १८ वर्षे, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, पहिल्या वर्गाची वैद्यकीय पात्रता आणि किमान २०० तासांचे उड्डाण लागते. या २०० तासांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून, २० तास गावोगावच्या धावपट्ट्यांदरम्यान, ५ तास रात्रीचे आणि १० तास केवळ उपकरणांच्या आधारे झालेले असावे लागतात. लांब पल्ल्याच्या उड्डाणांपैकी एक किमान ३०० सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचे, असून त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर उतरावे लागते. यातली जी अट माहितीपत्रकांच्या तळाशीही सापडत नाही ती अशी की, प्रमुख म्हणून केलेल्या उड्डाणांपैकी १५ तास अर्ज करण्यापूर्वीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. शाळेचे विमान चार महिने गॅरेजमध्ये उभे राहिले आणि मुदत उलटली, तर ते तास पुन्हा उडावे लागतात आणि त्यांचे पैसेही पुन्हा विद्यार्थ्यालाच भरावे लागतात.

तासाच्या दराचा मोह किती फसवा आहे, हे पाहायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. समजा एक शाळा तासाला १५ हजार रुपये घेते आणि दुसरी १३ हजार. २०० तासांत फरक पडला चार लाखांचा. आता समजा दुसऱ्या शाळेत प्रशिक्षण एक वर्षाने लांबले. ४० लाखांचे शैक्षणिक कर्ज ११ टक्क्यांनी असेल, तर त्या एका वर्षाचे व्याजच चार लाख चाळीस हजार होते, आणि राहण्या-जेवण्याचे महिन्याला २० हजार धरले तरी आणखी दोन लाख चाळीस हजार. चार लाख वाचवायला निघालेल्या घरातून पावणेसात लाखांच्या वर गेले. गेलेल्या वर्षाचा पगार त्यात धरलेलाच नाही, आणि विमान कंपन्यांतील ज्येष्ठता रुजू होण्याच्या तारखेवर चालते हे लक्षात घेतले, तर त्या एका वर्षाची किंमत पुढे कैक वर्षे मोजावी लागते.

म्हणून शाळेला विचारायचा पहिला प्रश्न दराचा नसून विमाने किती आणि विद्यार्थी किती हा आहे; आणि विमाने म्हणजे फोटोत दिसणारी नव्हेत, त्या आठवड्यात उडण्यायोग्य असलेली. एक प्रशिक्षण विमान महिन्याला ८० तास उडते असे धरले, तर पाच विमानांचे ४०० तास होतात. विद्यार्थी ३० असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला तेरा-साडेतेरा तास येतात आणि २०० तासांना १५ महिने लागतात. विद्यार्थी १०० असतील तर महिन्याला चार तास, म्हणजे ५० महिने. शाळेने दोन्ही वेळेला सांगितलेला कालावधी मात्र ‘१२ ते १८ महिने’ असाच असतो. मशीन अवर रेटवर धंदा करणाऱ्या वसाहतीला ही क्षमतेची गणिते शिकवण्याची गरज नाही. ती शाळेच्या दारात विसरली जातात, एवढेच.

क्षमतेवर हवामानाचाही बोजा असतो. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या काळात नवशिक्यांचे तास आटतात, तर उत्तरेत हिवाळ्यातील धुके आडवे येते. उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे १९८५ पासून असलेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमीसारख्या केंद्र सरकारच्या संस्थेलाही हिवाळ्याच्या मर्यादेमुळे गोंदिया आणि कलबुर्गी येथे उड्डाणे न्यावी लागली. शिवाय रात्रीच्या ५ तासांसाठी दिवे असलेली धावपट्टी लागते, आणि ज्या शाळेच्या धावपट्टीवर ती सोय नाही, ती विद्यार्थ्याला दुसऱ्या गावी कधी व कोणाच्या खर्चाने पाठवते हे करारात लिहिलेले असले पाहिजे. इंधनाचेही तसेच: सेस्नासारख्या जुन्या धाटणीच्या विमानांना ‘एव्हगॅस’ नावाचे खास पेट्रोल लागते, जे २०२२ पर्यंत देशात आयातच होत होते आणि त्या वर्षी इंडियन ऑइलने गुजरातेत बनवायला सुरुवात केली. इंधन महागले म्हणून मध्येच दरवाढ करण्याची मुभा करारात शाळेने स्वतःकडे ठेवली आहे का, हे पाहिल्याशिवाय ‘ठरलेला दर’ या शब्दांना अर्थ नाही.

‘पॅकेज’ या शब्दात काय नसते, याची यादी आत काय असते त्यापेक्षा महत्त्वाची. विमान कंपन्यांना बहुइंजिनी विमान चालवण्याची आणि उपकरणांवर उडण्याची जादा पात्रता हवी असते, आणि दोन इंजिनांच्या विमानाचा तास एका इंजिनाच्या तासापेक्षा कितीतरी महाग असतो. तो आत आहे की बाहेर? तास मोजायचा तो इंजिन सुरू झाल्यापासून, की चाक हलल्यापासून, की धावपट्टी सोडल्यापासून? परीक्षकाची फी, वसतिगृह, धावपट्टीवर उतरण्याचे शुल्क कुठे धरले आहे? एक मुद्दा तर थेट खिशातला आहे: डीजीसीएची मान्यता असलेल्या शाळेच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला वस्तू व सेवा कर लागू नाही, असे जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे अशा शुल्कावर १८ टक्क्यांची ओळ दिसली तर तिचे कारण लेखी मागण्याचा पालकाला पूर्ण अधिकार आहे. आणि परवाना हातात आल्यावरही एक डोंगर उरतोच. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ अशा विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण, म्हणजे ‘टाइप रेटिंग’, यासाठी साधारण १५ ते २५ लाख लागतात, आणि हा आकडा घरच्या हिशेबात बहुधा नसतो, कारण तो सांगितला तर प्रवेश होत नाही.

जाहिराती मात्र वेगळ्याच आकड्यांवर चालतात. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली, यावरून ‘देशात वैमानिकांचा तुटवडा’ हा मथळा तयार होतो आणि तो बारावीच्या मुलापुढे धरला जातो. विमाने येतात ती वर्षानुवर्षांच्या हप्त्याने, आणि तुटवडा असतो तो मुख्यतः कमांडरचा, म्हणजे ज्याच्या नावावर किमान १५०० तास आणि वरचा परवाना आहे अशा माणसाचा. २०० तासांच्या नवशिक्यांची रांग लांबच असते. २०२२ मध्ये ११६५ आणि २०२३ मध्ये १६२२ व्यावसायिक परवाने देशात दिले गेले. २०२३ च्याच मे महिन्यात गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली. त्याआधी २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०१२ मध्ये किंगफिशर. अशा वेळी बंद कंपनीतले हजारो तासांचे अनुभवी वैमानिक आणि कोरा परवाना घेतलेली मुले एकाच दारात उभी राहतात, आणि कोणाला आत घेतले जाते हे सांगायला नको. यावर उपाय म्हणून विमान कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजना दाखवल्या जातात; त्यांचा खर्च एक कोटीच्या आसपास जातो आणि नोकरीचे पत्र सशर्त असते, ही सशर्तता पालकांनी स्वतः वाचावी, दलालाकडून ऐकू नये. परदेशात तास लवकर होतात हे खरे, परंतु तिथला परवाना इथे चालत नाही. तो बदलून घेण्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा आणि भारतातील उड्डाण चाचण्या पुन्हा द्याव्या लागतात, आणि फी डॉलरमध्ये असल्याने रुपया घसरला की पॅकेज फुगते.

सुरक्षेचा प्रश्न इथे वेगळा काढता येत नाही, कारण घाईत तास भरणारी आणि देखभालीत हात आखडणारी शाळा एकच असू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने पडली आणि त्यानंतर संबंधित संस्थेचे प्रशिक्षण डीजीसीएने थांबवले. त्या आदेशाने जे विद्यार्थी मध्येच अडकले, त्यांच्यापैकी ज्यांनी सगळी रक्कम आगाऊ भरली होती आणि ज्यांनी तासागणिक भरली होती, त्यांच्या अवस्थेत किती अंतर पडले असेल, ते समजायला विमानशास्त्र लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीएने उड्डाणशाळांची श्रेणीवारी जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्या यादीत सर्वोच्च दोन श्रेणींत एकही शाळा बसली नाही. देशातील एकाही शाळेला अव्वल म्हणता येत नाही असे खुद्द नियामक सांगत असताना, कोल्हापुरातल्या एखाद्या हॉटेलच्या सभागृहात भरलेल्या मार्गदर्शन शिबिरात ‘देशातील क्रमांक एक’ असे फलक लागतात, आणि पुढच्या रांगेत बसलेले शिक्षित पालक त्यावर टाळ्या वाजवतात, ही गोष्ट खेदाची आहे.

पैसे कमी असणाऱ्याने म्हणूनच क्रम उलटा करावा. आधी वैद्यकीय तपासणी, कारण रंगांधळेपणासारखा दोष प्रवेश घेतल्यानंतर उघडा पडला तर गुंठे विकून भरलेली फी परत येत नाही. मग परीक्षा: विमानमार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, विमान नियम आणि तांत्रिक विषय हे डीजीसीएचे पेपर उड्डाणाचा एकही तास न करता देता येतात, त्यांत प्रत्येकी ७० टक्के लागतात, आणि त्यांची तयारी घरी राहून, वडिलांच्या पाळीच्या गाडीवरून क्लासला जाऊन होऊ शकते. जो विद्यार्थी हे पेपर सोडवून शाळेत जातो तो तिथे बसून परीक्षेची वाट पाहण्याचे भाडे देत नाही. आणि ज्याला ते सुटत नाहीत, त्याला ते काही हजारांत कळते, काही लाखांत नाही. तास शेवटी.

या वसाहतीपासून काही किलोमीटरवर उजळाईवाडीची धावपट्टी आहे, जी छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात १९३९ मध्ये झाली. स्टार एअर ही विमान कंपनी २०१९ मध्ये कोल्हापूरच्याच एका उद्योगसमूहाने उभी केली. कागलच्या घाटगे घराण्यातून आलेल्या राजर्षी शाहूंनी शिक्षणातला पैशाचा अडसर दूर करण्यासाठी जातीजातींची वसतिगृहे काढली, आणि त्यांच्या नावाने दरवर्षी या जिल्ह्यात भाषणे होतात. इतका वारसा असलेल्या भूमीत कामगाराच्या मुलीला बेळगाव, बारामती, जळगाव, शिरपूर, धुळे, नागपूर, गोंदिया यांतली कोणती शाळा किती महिन्यांत तास पूर्ण करते, हे सांगणारी एकही निःपक्षपाती जागा नाही. ‘महाज्योती’ या राज्य शासनाच्या संस्थेने मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवली, पण तिच्या जागा मोजक्या. बाकीच्यांना बँक आणि पतसंस्थाच उरतात.

यावरून या पत्रकाची मागणी निघते. वसाहतीतील उद्योजक संघटनेने आणि कामगार संघटनांनी एकत्र येऊन, जिल्ह्यातून प्रशिक्षणाला गेलेल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष किती महिने लागले आणि शेवटी किती रक्कम गेली याची नोंदवही ठेवावी आणि ती कोणालाही पाहू द्यावी. आपल्या कामगारांना कर्ज देणाऱ्या बँका व पतसंस्था यांच्याशी बोलून त्यांनी एक अट मान्य करून घ्यावी: कर्जाची रक्कम शाळेच्या खात्यात एकदम जाऊ नये, पहिला हप्ता २५ तासांपुरता असावा, आणि पुढचा हप्ता विद्यार्थ्याच्या लॉगबुकची, म्हणजे प्रत्येक उड्डाणाची नोंद असलेल्या वहीची, प्रशिक्षकाच्या सहीची प्रत पाहूनच सुटावा. जी शाळा ही अट नाकारेल, तिचे नाव त्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावे.