डाग पडतील, हे आधी सांगा

पाळीत अंगावरून फार जाते म्हणून चाळिशीच्या आसपासच्या बाईला डॉक्टर ‘मिरेना’सारखे साधन सुचवतात. घरी त्याची ‘हार्मोनवाली तांबी’ होते. तांबे त्यात नसतेच. ‘टी’ आकाराच्या त्या लहानशा साधनात ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल हे संप्रेरक असते आणि सुरुवातीला रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम या वेगाने ते गर्भाशयात झिरपते. अस्तर पातळ होते, रक्तस्राव घटतो, गर्भधारणाही टळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

तरीही दोन-तीन महिन्यांतच ते काढून टाकायला येणाऱ्या बायका असतात. तक्रार बहुधा एकच, डाग. अस्तर पातळ व्हायला वेळ लागतो, तोवर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून, कधी सलग कित्येक दिवस थोडे थोडे रक्त जात राहते. साधन बसवतानाच हे सांगितले नसेल, तर रक्त थांबावे म्हणून पैसे मोजलेल्या बाईला काहीतरी बिघडले असेच वाटणार. डॉक्टरांच्या लेखी हा किरकोळ दुष्परिणाम. पण ज्या घरात पाळीचे चार दिवस देवघर वर्ज्य आहे, तिथे महिनाभर डाग पडणे किरकोळ कसे? ती प्रथा बरी की वाईट हा वाद वेगळा. बाईला आज त्याच घरात राहायचे असते.

दहा मिनिटांचे बोलणे हा इथे उपचाराचाच भाग आहे, आणि नेमका तोच वगळला जातो. डाग किती महिने पडू शकतात, कॅलेंडरवर खूण कशी ठेवायची, त्रास फार झाला तर काही दिवस वेदनाशामक गोळ्या देता येतात, हे तिला आधी कळायला हवे. पुढचेही सांगावे. वर्षभरानंतर साधारण पाचातल्या एकीची पाळी पूर्ण थांबते. रक्त आत साठून राहत नाही. अस्तरच वाढलेले नसते, तर जाणार काय?

डोके दुखणे, छाती जड होणे, मुरमे, मन उदास राहणे अशाही तक्रारी येतात. औषध मुख्यतः गर्भाशयात काम करते, पण थोडे रक्तातही उतरते. त्यामुळे ‘याचा त्याच्याशी संबंध नाही’ असे म्हणून बाईला परत पाठवणे चूक आहे. सोनोग्राफीत बीजकोशावर साधी गाठ दिसली, तर ती बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरते. लगेच शस्त्रक्रियेची भाषा नको. ताप, घाण वासाचा स्राव, ओटीपोटात तीव्र कळ, धागा हाताला न लागणे किंवा गरोदरपणाची शंका, यांपैकी काही असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

हे सारे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण पुढच्या पायरीत आहे. साधन ‘मानवले नाही’ म्हणून काढले की अनेकींना ‘पिशवी काढून टाका’ हाच सल्ला मिळतो. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत ऊसतोडणीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागची कारणे अनेक होती. पण साधे उपाय पूर्ण न आजमावता पिशवीवर येण्याची सवय आपल्याकडे किती मुरलेली आहे, ते त्यातून दिसले.

याचा अर्थ बाईला ‘अजून थांबा’ म्हणत वर्षभर अडकवून ठेवावे असा नाही. सहा महिने सोसूनही बरे वाटत नसेल, किंवा त्याआधीच तिला नको झाले असेल, तर साधन काढून द्यावे. नवऱ्याला विचारून या, असे सांगू नये. धागा दिसत असेल तर हे काम बाह्यरुग्ण विभागातच, एक-दोन मिनिटांत होते. मूल नको असेल तर दुसरे कोणते साधन वापरायचे, हे मात्र काढण्याआधीच ठरवून घ्यावे, कारण गर्भ राहण्याची शक्यता लगेच परत येते.