विश्लेषण : '१०० एमबीपीएस'चे इंटरनेट साडेबारावरच का अडते?

घरी १०० 'एमबीपीएस'ची जोडणी घेतली, एक जीबीचा चित्रपट डाउनलोडला लावला आणि घड्याळ पाहिले. हिशेबाने दहा सेकंद लागायला हवेत, लागतात ८०. कंपनीने फसवले, असे ग्राहकाला वाटते. पण अशा वेळी जोडणी कबूल केलेलाच वेग देत असते. घोटाळा असतो तो 'एमबी'तल्या 'बी'चा.

'बी' नेमका कोणता?

रोमन लिपीत लहान 'बी' म्हणजे बिट आणि मोठा 'बी' म्हणजे बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. त्यामुळे सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, म्हणून 'एमबी' लिहिले की दोन्ही सारखेच दिसतात. इंग्रजी जाहिरातीत बारकाईने पाहणाऱ्याला निदान खूण सापडते. मराठीत तीही पुसली जाते. बातम्याही याला अपवाद नाहीत.

ही दोन मापे ग्राहकाला चकवण्यासाठी जन्मलेली नाहीत. तारेतून बिट एकामागोमाग धावतात, म्हणून तारेचा हिशेब बिटमध्ये. साठवण अक्षरांची, आणि रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. (देवनागरी अक्षराला आजच्या प्रचलित युनिकोड पद्धतीत किमान तीन लागतात.)

जुने आकडे आज कसे वाचायचे?

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या दशकाअखेरीस आलेल्या '५६ के' मोडेमवरचा आकडा किलोबिटचा होता. आठने भागले की उरतात सात किलोबाइट. पाच मेगाबाइटचे एक गाणे उतरवायला बारा मिनिटे, तीही फोनची लाइन स्वच्छ असेल तर. २००४च्या धोरणाने २५६ किलोबिटला 'ब्रॉडबँड' म्हटले. तेच गाणे अडीच मिनिटांवर आले. २०१३ मध्ये ही किमान मर्यादा ५१२ किलोबिट झाली, २०२३ मध्ये दोन मेगाबिट. आज कागदोपत्री ब्रॉडबँड ठरणाऱ्या सर्वांत मंद जोडणीवर त्या गाण्याला २० सेकंद लागतात.

सीडी ड्राइव्हचे माप आणखी निराळे. त्यावरचा '५२ एक्स' म्हणजे पहिल्या पिढीच्या ड्राइव्हच्या ५२ पट. पहिली पिढी सेकंदाला १५० किलोबाइट वाचत असे, म्हणजे '५२ एक्स' साधारण ७.८ मेगाबाइट. हा वेगही तबकडीच्या बाहेरच्या कडेलाच मिळे. उलट त्याच काळातल्या यूएसबी १.१ वर १२ मेगाबिट असा आकडा असे. १२ हा ७.८ पेक्षा मोठा दिसतो. प्रत्यक्षात तो दीड मेगाबाइट, म्हणजे ड्राइव्हच्या पाचव्या हिश्शाइतकाच.

आठने भागले की झाले?

नेहमी नाही. संगणकातील हार्ड डिस्कची रुंद, चपटी आयडीई केबल शेवटी सेकंदाला १३३ मेगाबाइटवर पोहोचली होती. २००३च्या सुमारास बारीक साटा केबल आली, तिच्यावर आकडा होता दीड गिगाबिट. १३३ च्या शेजारी १५०० ठेवले तर वेग अकरा पट झाला असे वाटते. आठने भागल्यावर १८७ उरतात, पण तेही खरे नाहीत. या केबलमध्ये प्रत्येक आठ बिटांसाठी दहा बिट पाठवले जातात, कारण दोन्ही टोकांचा ताल जुळलेला राहावा लागतो. म्हणून भागायचे ते दहाने. उत्तर १५०. नव्या तंत्राची सरशी अकरा पटींची नव्हती, जेमतेम तेरा टक्क्यांची होती. जुन्या सीरियल पोर्टलाही दहाचाच भागाकार लागतो : ९,६०० बिटांत ९६० अक्षरे.

हजार की १०२४, हा वाद तर फ्लॉपीपासूनचा. '१.४४ एमबी'च्या फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट मावत. एकदा १०२४ ने आणि एकदा १००० ने भागल्याशिवाय हा आकडा येतच नाही. दोन मापांची अशी खिचडी त्या क्षेत्रात सर्रास खपली.

मग करायचे काय?

उपाय फुकटचा आहे. जाहिरातीत, बिलावर आणि योजनेच्या पत्रकात 'मेगाबिट' वा 'मेगाबाइट' हा शब्द पुरता लिहावा, आणि एक जीबीची फाइल किती वेळात उतरेल याची एक ओळ शेजारी द्यावी. भारतीय भाषांतल्या मजकुरासाठी 'ट्राय'ने एवढे बंधनकारक करायला काहीच हरकत नाही. पेट्रोल पंपावर लिटरच्या जागी नुसते 'एल' लिहून कोणी पैसे मागत नाही.

हा गोंधळ फक्त इंटरनेटपुरता नाही. टाइप-सी चार्जिंगचे छिद्र असलेल्या अनेक फोनमध्ये आतला वेग अजून २००० सालच्या यूएसबी २.० चाच असतो. २०२३च्या आयफोन १५ मध्येही तोच आहे. दहा गिगाबिटचा वेग फक्त 'प्रो' मॉडेलला. यूएसबी २.० चा आकडा ४८० मेगाबिट, म्हणजे फार तर ६० मेगाबाइट. व्यवहारात त्यातले ३० ते ४० हाती येतात. लग्नाचे ६४ जीबीचे चित्रीकरण या केबलने लॅपटॉपवर घ्यायचे, तर सुमारे अर्धा तास धरून चालावे.