घसा दुखतो, झडप बिघडते

हृदयात चार झडपा असतात. दोन वरच्या कप्प्यांतले रक्त खालच्या कप्प्यांत सोडतात, दोन खालच्या कप्प्यांतले बाहेर. त्यांना स्वतःची ताकद नसते. मागून दाब वाढला की उघडतात, पुढून उलटा दाब आला की मिटतात. डावीकडची द्विदल झडप दोन पातळ पाकळ्यांची. खालून दोऱ्यांसारख्या तंतूंनी बांधलेली, म्हणून ती वर उलटत नाही. दिवसाला सुमारे 1 लाख वेळा हे चालते. छातीला नळी लावून ऐकू येणारे ‘लब-डब’ म्हणजे झडपा मिटल्याचा आवाज.

ही झडप आपल्या वस्त्यांत कशाने बिघडते ते सांगितले की बायाबापड्या हसतात. घसादुखीने! 5 ते 15 वर्षांच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूने सुजतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या घोटा सुजतो. जंतूशी लढणारी शरीराची शक्ती स्वतःच्याच झडपेवर उलटते. सांधे बरे होतात. झडप मात्र जाड होते, पाकळ्या चिकटतात. मग रक्त पुढे जाताना अडते किंवा मागे गळते, फुप्फुसात तुंबते, दम लागतो. कित्येक मुलींना हे कळते ते पहिल्या गरोदरपणात, कारण तेव्हा अंगातले रक्त वाढते. तोवर सासरचे म्हणत असतात, पोरगी नाजूक आहे.

एका खोलीत सात जण झोपतात तिथे हा जंतू सहज पसरतो. याला नशीब म्हणायला मी तयार नाही. हा घरांचा प्रश्न आहे.

एकदा हा ताप आला की दर 21 दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षे. औषध जुने, स्वस्त. सुई दुखते, मूल ठणठणीत दिसते, म्हणून आई बंद करते. रिअ‍ॅक्शनच्या भीतीने काही डॉक्टर देतच नाहीत. ती गंभीर असू शकते, पण क्वचित येते, आणि तयारी ठेवून इंजेक्शन देता येते. 1990 मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत देशी बनावटीची झडप प्रथम बसवली गेली, त्याचा अभिमान आहेच. पण अशी झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि सतत रक्ततपासणी. मजुरी बुडवून किती फेऱ्या मारायच्या?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते. हा आजार त्यांच्या यादीत आहे. छातीला नळी लावली का, हे पोरांना विचारा. आरोग्य केंद्रात पेनिसिलिन नसेल तर लेखी मागणी द्या, पोच घ्या. ‘बाहेरून आणा’ एवढ्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका.