विश्लेषण : मोबाइलवरच्या खेळातून मुले खरोखर शिकतात का?

खेळता खेळता पाढे पाठ करून देण्याचा किंवा इंग्रजी शिकवण्याचा दावा करणारी ॲप पालकांच्या मोबाइलवर सहज पोहोचली आहेत. मूल एरवी मोबाइल पाहणारच असेल, तर निदान त्यातून अभ्यास व्हावा, असा पालकांचा हिशेब असतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. खेळात गुण वाढले म्हणजे विषय समजला का, या प्रश्नाचे उत्तर भारतातच गेल्या दोन दशकांत झालेल्या प्रयोगांतून मिळते. ते सरसकट ‘हो’ नाही आणि सरसकट ‘नाही’ही नाही.

हा प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा?

ग्रामीण भारतातील शिक्षणस्थितीचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार, १४ ते १६ वयोगटातील जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ८२ टक्के मुलांना तो वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाशी संबंधित कामासाठी हाती घेतला होता. समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. दुसरीकडे, ‘असर’ने २०२३ मध्ये २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांत केलेल्या पाहणीत १४ ते १८ वयोगटातील सुमारे ४३ टक्के मुलामुलींनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. म्हणजे घरोघरी फोन पोहोचला, पण भागाकार पोहोचला नाही. ही दरी भरण्यासाठी खेळांचा उपयोग होईल का, याचा विचार म्हणूनच टाळता येणार नाही.

भारतातील सुरुवातीचा मोठा प्रयोग कोणता?

मोबाइल सर्वदूर पोहोचण्याआधी, २००२ ते २००४ या काळात, वडोदऱ्यातील महापालिका शाळांत संगणकावर असा प्रयोग झाला. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास गणिती उदाहरणे सोडवत खेळायचे खेळ दिले गेले. पुढे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासह अभ्यासकांच्या गटाने त्याचे मोजमाप केले. गणितातील गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. सोप्या भाषेत, शंभर मुलांच्या वर्गात ५०व्या क्रमांकावरचे मूल ढोबळमानाने ३२व्या क्रमांकावर यावे, इतकी ही वाढ होती. शिक्षण क्षेत्रातील प्रयोगांत एवढा फरक क्वचितच दिसतो. मात्र कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मोजले, तेव्हा ही वाढ ०.१० च्या आसपास उरली होती. त्याच हिशेबाने ते मूल आता ४६व्या क्रमांकावर असेल. खेळाने मुले पुढे जातात हे या प्रयोगाने दाखवले. खेळ थांबला की कमाई ओसरते, हेही त्यानेच दाखवले.

खेळ शिक्षकाच्या तासाची जागा घेऊ शकतो का?

या प्रश्नाचे उत्तरही गुजरातमधूनच आले. ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत संगणकावरील गणिताचा कार्यक्रम दोन पद्धतींनी राबवला गेला. अर्थतज्ज्ञ ली लिंडन यांच्या २००८ च्या अभ्यासानुसार, जिथे नेहमीच्या अध्यापनाचा वेळ काढून मुलांना संगणकापुढे बसवले, तिथे ती इतर मुलांपेक्षा मागे पडली. जिथे शाळेच्या वेळेबाहेर तोच कार्यक्रम जोड म्हणून दिला, तिथे मुलांना फायदा झाला. साधन एकच होते, पण ते कशाच्या बदल्यात दिले यावर परिणाम ठरला. शिक्षक नीट शिकवत असतील, तर त्यांचा तास काढून खेळ देणे हा तोट्याचा सौदा आहे.

याच निष्कर्षाची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता अशी स्थिती असलेल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक पहिलीला वाचन शिकवत असताना तिसरी-चौथीची मुले बऱ्याचदा नुसती फळ्यावरचे उतरवत बसतात. त्या वेळेत दिलेला चांगला खेळ कोणाच्या शिकवण्यावर अतिक्रमण करत नाही. तो रिकाम्या वेळेची जागा घेतो. खेळाचा खरा उपयोग अशा ठिकाणी आहे.

खेळात जमलेले वहीत का उतरत नाही?

दिल्लीत ‘प्रथम’च्या बालवर्गांतील दीड हजारांच्या आसपास मुलांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील खेळ मोबाइलवरचे नव्हते. काही महिने मुलांनी संख्या आणि आकार यांचे खेळ खेळले. कोणत्या गटात ठिपके जास्त, कोणता आकार वेगळा, ही त्यांची सहज जाण सुधारली आणि वर्षाहून अधिक काळ टिकली. पण ही मुले पहिलीत गेल्यावर, चिन्हे आणि अंक वापरून शिकवल्या जाणाऱ्या शालेय गणितात ती इतरांच्या पुढे नव्हती.

कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, त्यातही हीच अडचण दिसली. गिऱ्हाईकाला किलोचा भाव आणि ग्रॅमचे वजन यांवरून तोंडी हिशेब सांगून सुटे पैसे परत देणारी मुले कागदावरच्या साध्या उदाहरणांत अडखळली. उलट, शाळेतील मुलांना बाजारातला हिशेब जमला नाही. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. मोबाइलवरच्या खेळालाही हे लागू आहे. पडद्यावर झटपट बेरजा करणारे मूल वहीवर हातचा विसरत असेल, तर दोष मुलाचा नाही. खेळ आणि वही यांना जोडणारे कोणी मध्ये नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

चांगला खेळ ओळखायचा कसा?

बाजारातील अनेक ‘शैक्षणिक’ खेळांत गाडी पळवायची, नाणी गोळा करायची आणि मध्येच एक गुणाकार सोडवायचा अशी रचना असते. मुलाच्या दृष्टीने गुणाकार हा टोलनाका ठरतो. तो लवकर ओलांडला की पुन्हा मजा सुरू. ब्रिटनमधील हॅबगुड आणि एन्सवर्थ या संशोधकांनी ‘झोम्बी डिव्हिजन’ नावाच्या खेळाच्या दोन आवृत्त्यांची तुलना केली. एकीत अंगावर संख्या लिहिलेल्या सांगाड्यांना हरवायचे, तर त्या संख्येला भाग जाणारा अंक निवडावा लागे. दुसरीत लढाई वेगळी आणि भागाकाराची प्रश्नमंजूषा टप्प्याच्या शेवटी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या आवृत्तीची मुले अधिक शिकली. आणि निवड त्यांच्यावर सोडली, तेव्हा त्यांनी तिच्यावर सुमारे सातपट वेळ घालवला. म्हणजे खेळातली चालच गणिताची असेल, तर मजा आणि अभ्यास यांत भांडण उरत नाही.

दुसरी कसोटी आहे पातळीची. मुलगा सहावीत असला तरी त्याचे गणित तिसरीचे असू शकते. दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाने प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचे प्रश्न दिले. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची वाढ नोंदली गेली. हा निव्वळ खेळ नव्हता आणि त्याच्या जोडीला लहान गटातील शिकवणीही होती. तरी पातळीनुसार प्रश्न बदलण्याचे महत्त्व त्यातून कळते.

तिसरी कसोटी ओळखीच्या जगाची. ग्रामीण भारतातील मुलांसाठी मोबाइलवर इंग्रजीचे खेळ बनवणाऱ्या ‘मिली’ प्रकल्पाच्या संशोधकांना पाश्चात्त्य व्हिडीओ गेमच्या धाटणीचे खेळ या मुलांना आपलेसे वाटत नसल्याचे आढळले. मग त्यांनी गावातल्या पारंपरिक खेळांचा अभ्यास करून त्यांच्या नियमांवर नवे खेळ रचले. मराठी मुलांसाठी खेळ बनवणाऱ्यांनी इंग्रजी खेळाला फक्त मराठी आवाज देण्यापेक्षा सागरगोटे, चौपट आणि पावकी-निमकी यांतून किती गणित निघते, हे पाहायला हवे.

जोखीम कोणती?

फुकट खेळाची किंमत बहुधा जाहिरातींतून आणि मुलांच्या माहितीतून वसूल होते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती बंधनकारक असून, मुलांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. तरी कोणते ॲप कसली परवानगी मागते, हे पालकांनी पाहणे सुटत नाही.

दुसरी जोखीम विषमतेची. ‘असर’ २०२३ नुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींत हे प्रमाण २० टक्के होते. अभ्यास ‘घरी मोबाइलवर करून या’ असा दिला, तर तो कोणाच्या बहिणीला करता येणार नाही, हे यावरून उघड आहे.

मग करायचे काय?

खेळांवर बंदी घालण्याचे कारण नाही आणि त्यांच्यावर शाळा सोपवण्याचेही नाही. शिक्षकांनी खेळ सरावासाठी वापरावा आणि दुसऱ्या दिवशी त्यातलीच चार उदाहरणे फळ्यावर, वहीत करून घ्यावीत. गुजरात आणि दिल्लीच्या अनुभवात निसटलेला दुवा हाच आहे. घरी १५-२० मिनिटांच्या खेळानंतर पालकांनी ‘किती गुण मिळाले?’ याऐवजी ‘कसे केलेस ते मला कागदावर दाखव’ असे म्हणावे. त्यासाठी पालक गणितात हुशार असण्याची गरज नाही, मुलाशेजारी बसण्याची आहे.

सर्वांत मोठी जबाबदारी टॅब्लेट आणि ॲप यांवर सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्यांची आहे. किती मुलांनी किती मिनिटे खेळ वापरला, हे आकडे कंपन्या आनंदाने देतात, कारण ते वाढवणे सोपे असते. शिक्षण विभागाने आणि जिल्हा परिषदांनी त्याऐवजी मोबाइल बाजूला ठेवून घेतलेल्या लेखी चाचणीचा निकाल मागावा आणि तीच चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावी. वडोदऱ्यातील वाढ वर्षभरात ओसरली, हे पुन्हा मोजल्यामुळेच कळले. जो खेळ या चाचणीत टिकेल, त्याला वर्गात जागा द्यावी. बाकीचे खेळ मुलांनी मजेसाठी खुशाल खेळावेत, फक्त त्यांना अभ्यास म्हणू नये.