पुष्पाला शिट्ट्या, ‘फुले’ला कात्री

पणदऱ्याहून बारामतीला जाऊन आम्ही ‘पुष्पा २’ पाहिला. कुणापुढे न झुकणारा कुली. शिट्ट्या आम्हीही मारल्या, खोटं कशाला बोला! पण तो मोठा झाला तरी लाकूड तोडणारे मजूर मजूरच राहतात. व्यवस्था तीच, मालक तेवढा नवा. असा राग कुणाला खुपत नाही.

‘फुले’चं काय झालं? ११ एप्रिल २०२५ला, जोतीरावांच्या जयंतीदिनी येणारा चित्रपट, काही ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपांनंतर २५ एप्रिलला आला. ‘महार’, ‘मांग’, ‘पेशवाई’ हे शब्द काढायला सेन्सॉर बोर्डाने सांगितलं. जात आमच्या पूर्वजांनी सोसायची, आणि तिचं नाव मात्र पडद्यावर नको!

आणि आपण? पुष्पाला आम्ही अकरा जण गेलो होतो. ‘फुले’ला तिघेच.