पिकाचू नव्या कपड्यांत

राजा-राणी-चोर-शिपाई कोण कोण खेळलंय? हात वर करा बघू! चिठ्ठीत 'शिपाई' निघाला, की इतका वेळ चिंचा चोखत बसलेला पोरगा एकदम डोळे बारीक करतो आणि सगळ्यांची तोंडं निरखायला लागतो. म्हणजे काय, तर आपण जे नाही ते घटकाभर व्हायचं आणि तसंच वागायचं. यालाच इंग्रजीत रोल-प्लेइंग म्हणतात. व्हिडिओ गेममध्ये हा एक मोठा प्रकार आहे. त्यात नुसती ढिशुम-ढिशुम नसते. गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, डोकं चालवायचं आणि हळूहळू तयार होत जायचं.

या प्रकारातला तुमच्या ओळखीचा गेम म्हणजे पोकेमॉन. "बाई, ते तर कार्टून आहे!" असं तुम्ही म्हणणार, मला ठाऊक आहे. पण कार्टून आलं १९९७ साली. त्याच्या आदल्या वर्षी, २७ फेब्रुवारी १९९६ रोजी, जपानमध्ये हा गेम निघाला होता. तो खेळायचा गेमबॉय नावाच्या तळहातावर मावणाऱ्या यंत्रावर. चार पेन्सिल सेल घालायचे. पडदा एवढासा, त्यावर रंग नाहीतच, एकाच रंगाच्या फक्त चार छटा. सगळा गेम ५१२ केबीमध्ये बसवलेला. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला याहून जास्त जागा लागते!

त्याचंच नवं रूप २०१८ साली निन्टेंडो स्विच या यंत्रावर आलं. नाव 'पोकेमॉन: लेट्स गो, पिकाचू!'. १९९८ च्या पिवळ्या आवृत्तीवरून ते बेतलंय. माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून धाराशिवला आला, तेव्हा पिशवीत ही दोन्ही यंत्रं होती, नवं आणि जुन्या बाजारातून घेतलेला गेमबॉय. संध्याकाळी तासभर तो, मी आणि माझी तिसरीतली लेक असे आम्ही बसायचो. अजून अर्ध्यावरही पोचलो नाही. तेव्हा आज सांगते ते सुरुवातीला काय वाटलं तेवढंच.

पण आधी हा गेम सुचला कुणाला ते ऐका. सातोशी ताजिरी हा टोकियोजवळच्या माचिदा गावात वाढलेला मुलगा. त्याला किड्यांचं भारी वेड. मित्र त्याला 'डॉक्टर किडा' म्हणायचे. भुंगेरे पकडायला बाकीची पोरं झाडाच्या सालीला मध लावायची. ताजिरीने वेगळीच युक्ती काढली. किडे दिवसा दगडाखाली झोपतात हे त्याने पाहिलं होतं. मग तो झाडाखाली दगड ठेवून यायचा आणि नंतर जाऊन अलगद उचलायचा. पुढे शहर वाढलं, शेतं आणि झाडी गेली, मासे धरायच्या तळ्याच्या जागी व्हिडिओ गेमचं दुकान आलं. किडे गेले.

१९८३ साली, म्हणजे सतराव्या वर्षी, या मुलाने गेमबद्दलचं एक हस्तलिखित सुरू केलं. हो, आपण शाळेत काढतो ना, तसंच! हाताने लिहायचं, प्रती काढायच्या आणि टाचण्या मारायच्या. नाव 'गेम फ्रीक'. केन सुगिमोरी नावाच्या मुलाच्या हाती ते पडलं, तो चित्रं काढायला येऊन मिळाला, आणि १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी झाली. दोन गेमबॉय जोडायची एक वायर असते. त्या वायरवरून किडे इकडून तिकडे चाललेत असं चित्र ताजिरीच्या डोळ्यांपुढे आलं. पोकेमॉन तिथून निघाला. ज्या मुलांच्या वाट्याला किडे पकडणं आलं नाही, त्यांना ती मजा मिळावी म्हणून.

म्हणून नवा गेम हाती घेतल्यावर मी एकच गोष्ट पाहत होते. ती शोधायची मजा यात राहिली आहे का?

सुरुवातीलाच विरिडियन फॉरेस्ट नावाचं जंगल लागतं. जुन्या गेममध्ये ते म्हणजे सारख्या ठिपक्यांची रांग. गवतात पाऊल टाकायचं, काय निघेल पत्ता नाही. एकदम पडदा लुकलुकतो आणि समोर कॅटरपी नावाची अळी! नव्या गेममध्ये ती अळी लांबूनच गवतातून सरपटताना दिसते. झाडांमधून ऊन खाली येतंय, कुठे पाखरू उडतंय. पाहिजे त्याच्या मागे जा, नको त्याला वळसा घाला. येडशीच्या रामलिंगाच्या जंगलात श्रावणात गेल्यासारखं वाटलं मला. भाच्याला मात्र जुनंच बरं वाटतं. "मावशी, दिसलं तर मजा काय राहिली? धडधड गेली की!" त्याचं खोटं नाही. पण मृगाचा मखमली लाल किडा आपण शेतात पकडतो, तो आधी दिसतो म्हणूनच ना? वाकून, श्वास रोखून बघणं हाच तर त्यातला निम्मा खेळ. इथे मी नव्याच्या बाजूने आहे.

पकडताना आता लढाई नाही. हातातलं बटणांचं दांडकं विटी-दांडूतल्या विटीसारखं झोकायचं, की पडद्यावर चेंडू जातो. लेकीने पहिल्या दिवशी इतक्या जोरात झोकलं, की शोकेसमधली बाहुली खाली आली!

आता जे मला मुळीच पटलं नाही ते. पहिला मोठा सामना ब्रॉकशी असतो. त्याचे पोकेमॉन दगड-मातीचे. आपला पिकाचू विजेचा, आणि जमिनीवर विजेचा काही परिणाम होत नाही. जुन्या पिवळ्या आवृत्तीत पोरं थाटात पिकाचूला घेऊन जायची आणि सपाटून मार खायची. मग डोकं खाजवायची. काय चुकलं? दुसरं कुणाला न्यावं? नव्या गेममध्ये दारातच एक माणूस उभा. तुमच्याकडे पाण्याचा किंवा गवताचा पोकेमॉन नसेल तर तो आतच सोडत नाही. म्हणजे प्रश्नाच्या खालीच उत्तर छापलेलं, गाइडासारखं! वर्गात एखादं गणित अडलं आणि मुलगा पेन्सिल चावत बसला, की मी दोन मिनिटं त्याच्याकडे जातच नाही. ती दोन मिनिटं या गेमने काढून घेतलीत.

पण लगेच दुसरी बाजूही सांगते. दुसरं दांडकं हलवलं की आणखी एक जण खेळात येतो. दोघांनी एकाच वेळी चेंडू टाकला तर पकडणं सोपं जातं. भाचा आणि लेक "एक, दोन, तीन" म्हणत टाकायला लागले, आणि सहा वर्षांनी मोठा दादा पहिल्यांदाच तिच्या तालाने चालला.

यातली माणसं बोलून दाखवत नाहीत, सगळं संभाषण वाचावं लागतं, तेही इंग्रजीत. भाचा वाचायचा आणि आपल्या बोलीत सांगायचा. दुसऱ्या खेळाडूची नजर पडली की लढाई ठरलेली असते. भाच्याचं भाषांतर, "काय बघायलास रे? चल, लढ!" तिसऱ्या दिवसापासून लेक स्वतःच अक्षरं जुळवायला लागली. पालकांनो, हे यंत्र महाग आहे, मुलांच्या हट्टापायी घेऊ नका. पण घरात असलंच, तर शेजारी बसा. लॅव्हेंडर टाउन येईल तेव्हा तर बसाच. तिथे पोकेमॉनची स्मशानभूमी आहे. क्यूबोन नावाच्या पिल्लाची आई एका दुष्ट टोळीच्या हातून मेलेली असते. जुन्या गेममध्ये हे दोन-चार ओळींत येतं, नव्यात पिल्लू डोळ्यांपुढे येतं. लेकीने विचारलं, "आई, आता त्याला कोण सांभाळणार?" खरं सांगते, जुन्या ठिपक्यांमध्येही मला तेवढंच गलबललं होतं.

आता आमचं घोडं अडलंय ते कडाब्रापाशी. हा पोकेमॉन पुढच्या रूपात जातो तो फक्त दुसऱ्याशी अदलाबदल केल्यावर. जुन्यात तसंच होतं, नव्यातही तसंच ठेवलंय, वायर तेवढी गेली. पण अदलाबदलीला दुसरं यंत्र लागतं, आणि आमच्या गल्लीत ते कुणाकडेच नाही. भाचा घरोघरी विचारून आला. शेवटी त्याने पुण्यातल्या मित्राला फोन करून ठेवलाय. सुट्टी संपेपर्यंत कडाब्रा आहे तसाच.